मापाचा तारा

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, पण आकडे नकोत, अशी अट संपादकांनी फोनवरच घातली. जिनं सगळी नोकरी आकड्यांवर काढली तिला असं सांगणं म्हणजे मिठाशिवाय वरण कर म्हणण्यासारखं आहे. तरी मी हो म्हटलं. मला जे सांगायचंय त्यात आकडे फारसे नाहीतच. एक तारा आहे, एक शिलाई मशीन आहे आणि माझी अक्का आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. ताऱ्यांचा अभ्यास करणारी माणसं तारे बघत नाहीत. सेनगावात आमच्या गल्लीतल्या बायकांना वाटायचं, नंदा डोंगरावर दुर्बिणीला डोळा लावून बसते. प्रत्यक्षात डोळा लावायला तिथं जागाच नव्हती. दुर्बिणीच्या टोकाला कॅमेरा असायचा, कॅमेऱ्याची वायर संगणकात जायची आणि माझ्या पुढ्यात यायची एक वेडीवाकडी रेष. ताऱ्याचा प्रकाश त्याच्या रंगांत फोडून कुठला रंग किती हे दाखवणारी रेष. त्याला आम्ही वर्णपट म्हणतो. मी आयुष्यभर त्या रेषा बघितल्या. आभाळ बघितलं ते चहा प्यायला बाहेर आल्यावर, तेही ढग येतात का एवढंच.

माझे तारे तापट जातीचे. सूर्याच्या कितीतरी पट वजनाचे, निळसर पांढरे, आणि इतक्या जोरात स्वतःभोवती फिरणारे की कमरेपाशी त्यांचा वायू सुटून बाहेर पडतो. जात्यावर दळताना पीठ पाळीच्या चहूबाजूंनी पडून जसं कडं होतं, तशी त्या वायूची ताऱ्याभोवती चकती होते. साध्या ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या जागी खड्डा असतो. चकती असली की ती ताऱ्याच्या उष्णतेनं स्वतः उजळते, तो खड्डा भरतो आणि वर उंचवटा येतो. गंमत अशी की ही चकती काही वर्षांत विरून जाते आणि पुढे कधीतरी परत येते. ती का येते, का जाते, हे आजही कुणाला पुरतं सांगता येत नाही. मला तेव्हा वाटायचं की मी सांगणार.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी दक्षिणेतल्या एका संस्थेत मी वयाच्या पस्तिशीला, जरा उशिरानंच, पीएचडी करत होते. मला एक तारा दिला होता. वर्षातून तीन-चारदा डोंगरावर जायचं, त्याचा वर्णपट घ्यायचा आणि खाली येऊन संगणकावर त्याचं मॉडेल करायचं. मॉडेल म्हणजे काय, तर मनाशी एक तारा धरायचा, त्याच्याभोवती एवढी दाट, एवढी रुंद चकती धरायची आणि संगणकाला विचारायचं, असं असेल तर रेष कशी दिसेल? ती खऱ्या रेषेशी जुळली तर ठीक, नाहीतर चकती थोडी पातळ करून पुन्हा. एका मॉडेलला सहा-सात तास लागायचे. स्वयंपाकाला बसून दर वेळी कणीक फेकून द्यायची आणि नव्यानं मळायची, असं ते काम आहे. ज्याला चीड येते त्यानं करू नये. मला फार चीड यायची.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हवेतली वाफ त्यात खोडी करते, आरशावरची धूळ करते, यंत्रही करतं. या खोड्या काढायच्या कशा? तर जवळचाच, त्याच जातीचा, पण चकती नसलेला एक साधा तारा निवडायचा. त्याचाही वर्णपट त्याच रात्री, त्याच यंत्रातून घ्यायचा. मग आपल्या ताऱ्याला त्यानं भागायचं. दोघांत जे सारखं ते उडून जातं, उरते ती फक्त चकती. त्या साध्या ताऱ्याकडे मी पहिल्या रात्री एकदा बघितलं, खड्डा स्वच्छ आहे अशी खात्री केली आणि वहीत त्याच्यापुढे खूण केली. त्यानंतर तीन वर्षं भागाकार संगणकच करत होता. साध्याकडे कोण बघतं?

बघणारा एक होता, पण त्यालाही आपण बघतोय हे माहीत नव्हतं. डोंगरावर घुमट फिरवणारे वेलूअण्णा प्रत्येक वर्णपट छापून काढायचे. साध्या ताऱ्याचासुद्धा. एक प्रत नोंदवहीत चिकटवायची आणि एक निरीक्षकाच्या हातात द्यायची, हा त्यांचा त्यांनीच घातलेला नियम. मी म्हणायचे, "अण्णा, कागज क्यों खराब करते हो? सब सीडी में है." ते म्हणायचे, "मॅडम, सीडी को आँख से नहीं देख सकते." मी हसून कागद फाइलला लावायचे. फाइल जाड होत गेली आणि मी ती कधी उघडली नाही.

तीन वर्षांत माझ्या ताऱ्याचा उंचवटा हळूहळू कमी होत गेला. चकती विरत होती. मी हरखून गेले. सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, ते पटलं. परदेशातल्या एका परिषदेला आम्ही निबंधाचा सारांश पाठवला, तो मंजूर झाला. शीर्षकातच लिहिलं होतं की हा तारा आपली चकती गमावतो आहे. राहिलं होतं फक्त मॉडेल, आणि मॉडेल काही केल्या जुळत नव्हतं. चकती विरताना रेष एका चालीनं बारीक होते. माझी रेष भलत्याच चालीनं होत होती. परिषदेला सहा आठवडे उरले असताना सर म्हणाले, महिनाभर घरी जा, डोकं शांत कर, लॅपटॉप घेऊन जा. लॅपटॉप संस्थेचा होता आणि त्याची बॅटरी मेलेली होती.

घर म्हणजे अक्काचं घर, सेनगावात. आई-बाप दोघंही मी शाळेत असतानाच गेले. अक्का, शांता, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न करून दिलं होतं, ते टिकलं नाही. परत आली ती सातवी शिकलेली बाई एका शिलाई मशीनसह सेनगावात खोली घेऊन राहिली आणि त्या मशीनवर तिनं मला शिकवलं. पुढच्या अर्ध्या खोलीत दुकान, मागच्या अर्ध्यात संसार. मी डोंगरावर जायला निघाले की तिची एकच अट असायची: वारंगा फाट्याला एसटी थांबली की तिथून फोन करायचा. सेनगावात फोन शेजारच्या मेडिकलमध्ये. ती धावत यायची, मी विचारायचे, "अक्का, बरी हायस ना?" आणि ती म्हणायची, "मी बरी हाय, तू नीट जा." दर वेळी तेच शब्द, त्याच आवाजात.

मी गेले तो एप्रिलचा पहिला आठवडा होता. चौदा एप्रिलची जयंती तोंडावर, बायका पांढऱ्या साड्या नेसणार, म्हणजे पांढऱ्या ब्लाउजची गर्दी. दोरीवर पांढरंच पांढरं लटकलेलं. त्यात दिवसातून दोनदा लाइट जायची. अक्काचं मशीन पायाचं, त्याला काही फरक पडायचा नाही. माझं मॉडेल मात्र पाच तास चालून सहाव्या तासाला मरायचं. मी हातातली वही आपटायचे.

"आगं, काहून आपटून राहिली?" अक्का मान वर न करता म्हणायची. "कापडावर राग काढला तर कापड सरळ होतं का?"

एक दिवस दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई तणतणत आल्या. तीन ब्लाउज शिवून नेले होते आणि तिन्ही दंडात घट्ट. "अहो शांताबाई, वीस वर्षं तुमच्याकडं शिवून घेते. आता नजर कुठं असती तुमची?" बाईंनी मापाला दिलेलं जुनं ब्लाउज अक्कानं खुंटीवरून काढलं. शिवायला टाकताना गिऱ्हाइकं अंगाला नीट बसणारं एक जुनं ब्लाउज देतात, त्याच्यावरून नवं बेततात. ते तिनं टेबलावर पसरलं, दंडाला टेप लावला आणि बाईंना दाखवला.

"बाई, मी बराबर शिवलं. हे मापाचंच आटलंय. गरम पाण्यात टाकलं व्हतं का?"

बाईंनी दंड चाचपून बघितला. मग म्हणाल्या, "टाकलं होतं." मग दोघी हसल्या आणि उसवायचं काम बाईंच्या डोक्यावर न घालता अक्कानं स्वतःच घेतलं.

बाई गेल्यावर मी माझं रडगाणं सुरू केलं. तारा असा, मॉडेल तसं. अक्काला माझं काम मी कधी सांगत नव्हते अशातला भाग नाही, पण ती ऐकते ते माझा आवाज ऐकायला, असं मला वाटायचं. ती दंडाची शिवण उसवत होती. मधेच म्हणाली, "तू कशावर माप घेतीस?"

मी साध्या ताऱ्याचं सांगितलं.

"त्याला कवा मोजलं व्हतं?"

"पहिल्या रात्री. तीन वर्षांखाली."

"मंग?" तिनं दात लावून दोरा तोडला. "तेच आटलं असंल तर?"

मी म्हटलं, अगं तारा कुठं आटत असतो का. म्हटलं खरं, पण लगेच पहिल्या रात्रीची ती वहीतली खूण आठवली. ताऱ्याचं माहीत नाही, खड्डा तर भरू शकतो. साध्या ताऱ्याला त्या तीन वर्षांत चकती येऊ लागली असेल, तर त्याचा खड्डा उथळ होणार. आणि त्या उथळ खड्ड्यानं मी माझ्या ताऱ्याला भागत असेन, तर माझ्या ताऱ्याचा उंचवटा उगाचच कमी कमी दिसणार. मी सीडी काढली आणि त्याच क्षणी लाइट गेली. येणार पाच वाजता.

"कागद न्हाई का तुझ्यापाशी?" अक्कानं विचारलं.

कागद होते. वेलूअण्णांची ती जाड फाइल बॅगेत तळाशी होती. साध्या ताऱ्याचा पहिल्या रात्रीचा कागद आणि शेवटच्या रात्रीचा कागद मी शोधून काढला. समोरासमोर ठेवून बघितले तर दोन्ही सारखेच दिसत होते. अक्का उठली, माझ्या हातातून दोन्ही घेतले आणि एकावर एक ठेवून कडा जुळवल्या, ती बेतायचे कागद जुळवते तशा. मग दारात जाऊन उन्हाकडे धरले.

"हे बघ," ती म्हणाली. "बाकी समदं बराबर बसतंय. हितंच न्हाई."

तिचं बोट हायड्रोजनच्या खड्ड्यावर होतं. वरच्या, शेवटच्या रात्रीच्या कागदातला खड्डा खालच्यापेक्षा उथळ होता आणि त्याच्या तळाशी एक बारीक उंचवटा उठलेला होता. एप्रिलच्या उन्हात, पांढऱ्या ब्लाउजांच्या दोरीखाली, मी एका ताऱ्याची चकती जन्माला येताना बघितली. माझा तारा होता तसाच होता. ज्याच्याकडे मी तीन वर्षं ढुंकून बघितलं नाही, तो पेटला होता.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला जाऊन सायबर कॅफेतून सरांना पत्र टाकलं. सर रागावले नाहीत. उलट खूश झाले, कारण चकती विरताना पुष्कळांनी पाहिलेली असते, येताना पहिल्या पायरीपासून सापडणं दुर्मीळ. परिषदेत आम्ही सारांश मागे घेतला आणि दुसरंच बोललो. माझी पीएचडी त्या साध्या ताऱ्यावर झाली, नोकरीही त्याच्यावरच लागली. या ताऱ्याचं मॉडेल दुसऱ्या महिन्यात जुळलं.

सरांनी मला विचारलं होतं, "हे तुझ्या लक्षात आलं कसं?" मी म्हटलं, "घरी बसून कागद चाळत होते."

त्या वाक्यात काय राहिलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खोटं नव्हतं ते, पण त्यात अक्का नव्हती. निबंधाच्या शेवटी ऋणनिर्देश असतो. त्यात मी सरांचे आभार मानले, वेलूअण्णांचे मानले, संगणक विभागाचे मानले, ज्यानं निबंध तपासून दोन वेळा परत पाठवला त्या अनामिकाचेसुद्धा मानले. सेनगावच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं नाव तिथं कसं घालायचं, लोक काय म्हणतील, मी कुठून आले ते सगळ्यांना पुन्हा एकदा आठवेल, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मला त्याची लाज वाटते. तेव्हा ज्याची लाज वाटली त्याची नाही, तर ती लाज वाटली याची.

निबंध छापून आल्यावर मी एक प्रत तिला दिली. तिनं पानं उलटली, माझं नाव ओळखलं आणि त्यावरून हात फिरवला. पुढं काही शोधलं नाही, विचारलंही नाही. एवढंच म्हणाली, "नंदे, मला एकदा तो मापाचा तारा दाखव."

"दाखवीन ना. डोंगरावरच नेते तुला. दुर्बिणीतूनच बघ." वेलूअण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी एका रात्री कॅमेरा काढून डोळा लावायचं भिंग बसवून दिलं असतं. ते सोपं होतं. म्हणूनच राहून गेलं. एक वर्ष माझं परदेशात गेलं, एक वर्ष दुर्बिणीची दुरुस्ती निघाली, एक वर्ष तिच्याकडे लग्नसराई होती. फोनवर मी विचारायचे, बरी हायस ना? ती म्हणायची, मी बरी हाय. मी ते धरून चालायचे.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एका मार्चमध्ये मी दोघींची रेल्वेची तिकिटं काढूनच सेनगावला गेले. न कळवता. जीपमधून उतरून दारात उभी राहिले तर अक्का एका पोरीचं माप घेत होती. टेप तिच्या डोळ्यांसमोर नव्हता. तिची बोटं टेपवरून सरकत होती आणि ओठ हलत होते. पोरगी गेल्यावर मी टेप हातात घेतला. प्रत्येक इंचावर सुईदोऱ्यानं एक गाठ मारलेली होती, दर पाच इंचांवर दोन.

"हे काय गं?"

"आता बोटानं मोजते," ती म्हणाली. "बराबर येतंय. कुणाची तक्रार न्हाई."

शुगरनं डोळे खाल्ले होते. दुसऱ्या दिवशी नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं. आता उजेड-अंधार कळतो तेवढा कळेल. परत येताना एसटीत मी रडत होते आणि ती माझ्या गुडघ्यावर थोपटत होती.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"तुला तिकडं तकलीफ काहून द्यायची? मी बरीच व्हते की."

तिकिटं माझ्या पर्समध्ये होती. ती कशाची ते मी तिला सांगितलं. म्हणाली, "एवढ्या लांब येऊन म्या काय बघू? त्यापरीस हितंच दाखव."

दाखवायचं कसं, हे मला तिच्या टेपनं सुचवलं. ब्लाउजच्या उरलेल्या पांढऱ्या कापडाचा एक तुकडा घेतला. त्यावर पेन्सिलीनं त्या ताऱ्याची रेष मोठी करून काढली आणि गोधडीच्या जाड काळ्या दोऱ्यानं हातशिवण घातली. मला शिवता येत नाही. सगळी दुपार गेली, बोटं टोचून घेतली. मग कापड तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिचं बोट रेषेच्या टोकावर टेकवलं.

"हा तुझा तारा?" तिनं विचारलं.

"तुझा," मी म्हटलं. "मापाचा."

ती सावकाश निघाली. सपाट भाग ओलांडला, खड्ड्याच्या काठावर थांबली, खाली उतरली. तळाला तिचं बोट त्या लहानशा उंचवट्यावर चढलं. ती तिथंच थबकली. पुन्हा मागं आली, पुन्हा चढली.

"हितं भरून आलंय," ती म्हणाली.

"व्हय अक्का. तेच तू उन्हात धरून दाखवलं होतंस."

तिनं बोट तिसऱ्यांदा चढवलं. चेहरा उजळलेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि ते मला आयुष्यभर पुरणार आहे. मग तिच्यातली शिंपीण जागी झाली. बोट पुन्हा फिरवून म्हणाली, "पर टाका लई मोठा घेतलास गं. आन् हितं तर दोरा ढिला सोडलास. असलं काम माझ्या दुकानातून जायचं न्हाई. उसव."

मी हसायला लागले. ती हसत नव्हती. तिनं स्वतःच ब्लेड घेतलं आणि त्या उंचवट्यापासून एकेक टाका चाचपून उसवला. म्हणाली, उद्या माझ्या हाताखाली परत घाल, मी बोट धरून शिकवते. पण उद्या सकाळची माझी एसटी होती. मी म्हटलं, पुढच्या सुट्टीत घालू.

"घाल मंग," ती म्हणाली.

वारंगा फाट्यावरून मी फोन केला. ती बरी होती. त्या दिवाळीच्या आत ती गेली. मूत्रपिंडानंही साथ सोडली होती आणि तेही मला उशिरा कळलं.

मी आता निवृत्त आहे. दुर्बिणीचा वेळ मागायचा हक्क संपला. तरुण सहकारी कधीमधी मला त्या ताऱ्याचा वर्णपट पाठवतात. त्याची चकती मधल्या काळात विरून गेली, खड्डा पुन्हा स्वच्छ झाला आहे. ती परत येईल, अशा ताऱ्यांची येते. मी प्रत्येक पत्र त्या आशेनं उघडते आणि खरं सांगायचं तर चकतीसाठी उघडत नाही. मला दारातलं ते ऊन हवं असतं आणि दोन कागदांच्या कडा जुळवणारी ती.

त्या निबंधाच्या शेवटी जे लिहायला हवं होतं ते इथं लिहिते, उशिरा का होईना: तुलनेचा तारा बदलला आहे ही शंका प्रथम शांता, शिवणकाम, सेनगाव, यांनी घेतली आणि कागद उन्हात धरून ती खरी करून दाखवली.

कापड माझ्याकडे आहे. अर्ध्या रेषेत दोरा आहे, उंचवट्यापासून पुढे नाही. मी अजून शिवायला शिकले नाही. पण जिथं तिनं उसवलं तिथं सुईची भोकं राहिली आहेत, आणि डोळे मिटून बोट फिरवलं की रेष बराबर लागते.